खेळातल्या नवऱ्याचा उखाणा

बाळांनो, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं हसत होतात. धाकट्याने विचारलं, "आजी, तू खरंच पुरुषाचा आवाज काढून लग्न लावून घेतलंस?" मी तोंड उघडायच्या आत तुमच्या बाबांनी फोन काढून घेतला आणि तिकडच्या थंडीबद्दल बोलायला लागले. म्हणजे ती क्लिप तुमच्यापर्यंतही पोचली. ती आहे जेमतेम मिनिटभराची. तिच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं, हे तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही. म्हणून आताच लिहिते आहे, तुमच्या मनात ते मिनिट पक्कं बसायच्या आत.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. मला काही जड गेलं नसतं, जन्मभर तेच शिकवलं. पण हे सगळं मराठीत घडलं, आणि इंग्रजीत ते आहे त्याहून शहाणं वाटेल. शब्द अडला तर आईला विचारा. बाबांना नको.

खेळ तुम्हीच आणलात. दोन वर्षांमागच्या सुट्टीत जळोचीच्या घरी जेवणाच्या टेबलावर तुम्ही ते वीस बाजूंचे फासे सांडलेत आणि म्हणालात, आजी, यात पट नाही, सोंगट्या नाहीत, प्रत्येकाने एक माणूस व्हायचं आणि त्याच्यासारखं बोलायचं. एकजण जग चालवतो, बाकीचे त्यात जगतात. मला ते आधी पोरकट वाटलं. मग ताईने तिच्या गटातल्या एका मुलाचं सांगितलं. त्याचं पात्र तिच्या पात्राच्या मागे लागायचं. तो फासा टाकायचा आणि म्हणायचा, बघ, अठरा पडले, आता मी तुला आवडलोच पाहिजे. ताई उठून घरी आली होती. पुढे त्यांच्या खेळ चालवणाऱ्या मुलीने नियम केले: प्रेमाच्या बाबतीत फासा चालणार नाही, ज्याला जे नको ते आधी सांगून ठेवायचं, आणि दार लागलं की गोष्ट तिथेच सोडून सकाळवर जायचं. खेळापेक्षा मला ते नियमच जास्त आवडले. वर्गात मुलामुलींना एकमेकांशी कसं बोलावं हे आम्ही कधी शिकवलं नव्हतं, आणि इथे फासे घेऊन बसलेली पोरं ते शिकत होती.

तुम्ही गेलात, फासे राहिले. मी टेबल जमवलं.

माझी मैत्रीण तुम्हाला आठवत असेल, भवानीनगरची, तुम्हाला दर वेळी चिवडा बांधून द्यायची ती. आम्ही एकाच शाळेत होतो. ती भूगोल शिकवायची, मी इंग्रजी. आमची मैत्री तुमच्या बाबांच्या वयाची आहे. ती आणि तिची सून अशा दोघी रविवारी दुपारी स्कूटीवर यायच्या. सून चालवायची, सासू मागे डबा मांडीवर धरून. मैत्रिणीचा मुलगा बडोद्याला कंपनीत, महिन्या-दीड महिन्याने येणारा. सून घरात सासू-सासऱ्यांपाशी. चौथी आमची शेजारीण. तिची भाजीची शेती आहे, पहाटे माल बाजारात पाठवून दुपारी मोकळी होते.

जग मी आपल्याच इकडचं केलं. राक्षस आणि किल्ले कशाला? धरणाच्या फुगवट्याखाली गेलेली गावं इंदापूरच्या बाजूला कुणाला माहीत नाहीत? सुनेचं माहेर तिथलंच, पाण्याच्या काठावरचं. म्हणून एक मोठं पाणी, त्याखाली गेलेलं एक नगर, काठावर नाव चालवणारे लोक, आणि पाण्यात मगरी. शेजारीण मगरी मारणारी झाली. सून बुडी मारून तळातल्या घरांमधली भांडीकुंडी वर काढणारी झाली. आणि मैत्रीण झाली जकात नाक्यावरची विधवा. विधवा तिनेच ठरवली, आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "हिला दोन गडी हवेत. एक नाक्याचा हवालदार आणि एक पलीकडच्या काठावरचा. एकमेकांना माहीत नसलेले."

नियम मी सगळ्यांना वाचून दाखवले. मनाचा निकाल फाशावर लागणार नाही. दार लागलं की पडदा, पुढची गोष्ट सकाळपासून. आणि इथलं बोलणं या घराबाहेर जाणार नाही. मग एकेकीला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, तुला खेळात काय नको? शेजारीण म्हणाली, "साप नको. बाकी कायबी येऊ द्या." मैत्रीण म्हणाली, "मला काही नको-बिको नाही, मी मोकळी आहे." सुनेने काय सांगितलं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, आणि इथेही लिहिणार नाही. तिच्याबद्दल बाकी जे लिहिते आहे ते तिला फोनवर विचारून.

पहिले काही महिने छान गेले. मैत्रीण अशी रंगायची की बस. हवालदाराला लाडीगोडी लावून ती जकात माफ करून घ्यायची. मी हवालदाराच्या आवाजात म्हणायचे, "दार लावू का?" आणि लगेच माझ्या आवाजात, "पडदा. सकाळ झाली."

"अगं, इतक्यात कसली सकाळ?" मैत्रीण ओरडायची. "तुझं घड्याळ कायम पुढे!"

"मास्तरीण बाई," शेजारीण म्हणायची, "तुमची चुंबाचुंबी व्हईस्तवर तितं मगर पळून चाललीया. माझा डाव कवा यायचा?"

सून सासूकडे न बघता हसायची. पण हसायची. सासू-सुना एका टेबलावर बसून हवालदाराच्या मिशांवर बोलतात, याचं मला कौतुक वाटायचं. मला वाटलं, आपण काहीतरी चांगलं उभं केलं आहे.

सुनेच्या पात्राचं प्रेम हळूहळू जमलं. तिला एक नावाडी भेटला. तो मीच बोलायचे, म्हणून तुम्ही ऐकलेला तो जाडा आवाज. हा नावाडी फार बोलत नसे. नावेतून उतरताना हात पुढे करायचा आणि थांबायचा. "धरू का?" असं विचारायचा. ती हो म्हणाली तर धरायचा, नाही म्हणाली तर नाव काठाला अजून जवळ घ्यायचा. फासा नाही, काही नाही. पावसाळाभर त्यांचं तेवढंच चाललं होतं. मैत्रीण कंटाळून म्हणायची, "अगं, हिच्या नावाड्याला कुणीतरी ढकला रे." मग एका रविवारी सून म्हणाली, "मावशी, माझ्या पात्राला लग्न करायचं आहे."

आता आपल्याकडे लग्न म्हटलं की खेळातलं काय आणि खरं काय, बायका थांबत नाहीत. पुढच्या रविवारी शेजारणीने खरोखरच्या अक्षता आणल्या. मैत्रिणीने बेसनाचे लाडू आणले. शेजारीण भटजी झाली आणि अंतरपाट म्हणून माझा टॉवेल धरून "सावधान" म्हणाली. मी नावाडी. मी हात पुढे केला आणि म्हटलं, "धरू का?"

सून म्हणाली, "धरा. आजवर कुणी विचारलं नव्हतं."

"नाव घे गं पोरी!" शेजारीण ओरडली. "नाव घेतल्याबिगर लाडू न्हाय."

"थांब, थांब," मैत्रीण म्हणाली, "रेकॉर्ड करते. ही उखाणे फार सुंदर घेते." फोन आधीपासूनच तिच्या हातात चालू होता; तिचं हे वाक्य तेवढं क्लिपमध्ये नाही.

सुनेने पदर सारखा केला. नवऱ्याचं नाव घेताना आपल्याकडे मुली करतात तसा, कुणीही न सांगता. आणि म्हणाली:

"धरणाच्या पाण्याला वाऱ्याची साथ,
…रावांनी विचारून धरला माझा हात."

नाव गाळते आहे. ते तिच्या गोष्टीतलं आहे. आम्ही टाळ्या वाजवल्या. मैत्रिणीनेही वाजवल्या. क्लिपमध्ये त्या टाळ्या ऐकू येतात आणि तिथेच ती संपते. त्यानंतर लाडू वाटले, शेजारणीने "आता तरी मगर काढा" म्हणून तगादा लावला, आणि नाक्यावरच्या विधवेने वऱ्हाडातल्या एका तिसऱ्याच पाहुण्याला डोळा घातला. ते कुणी रेकॉर्ड केलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी स्कूटी आली नाही. मैत्रिणीने फोन उचलला नाही. सुनेचा फोन बंद. मला वाटलं, कुणी आजारी आहे. मग आठवड्याच्या मधेच तुमच्या बाबांचा फोन आला, डॉक्टर पेशंटशी बोलतात तशा आवाजात.

"आई, औषधं वेळेवर घेतेस ना? झोप लागते? एकटं वाटतं का?"

"काय झालं रे?"

"काही नाही. काकूंनी एक ऑडिओ पाठवला. त्यांना तुझी काळजी वाटते. म्हणाल्या, तू अलीकडे जरा वेगळी वागतेस, घरात आलेल्या मुलींकडून भलतंसलतं बोलवून घेतेस."

त्याने मेसेज वाचून दाखवला. "आईकडे लक्ष द्या, एकट्या असतात, मन भरकटतं," असं त्यात होतं. बाळांनो, मला ते एक वाक्य आजही पाठ आहे. म्हातारी झाले हे मला मान्य आहे. मन भरकटतं, हे माझ्या बरोबरीच्या बाईने, माझ्याच टेबलावरचा लाडू खाऊन, माझ्या मुलाला कळवावं!

मी रिक्षा करून भवानीनगरला गेले. कॉलनीत ती ओट्यावर बसून मेथी निवडत होती. मला बघून उठली नाही.

"सून कुठे आहे?"

"माहेरी. चार दिवस."

"तू पाठवलंस?"

"तिच्या नवऱ्याला क्लिप पाठवली. त्याला कळायला नको? मग तो म्हणाला, मी येईपर्यंत तिला तिकडे राहू दे."

"खेळ होता तो. तू होतीस तिथे. लाडू तू आणलेस."

"लाडू खेळाला आणले. तिने नाव घेतलं. माझा मुलगा धडधाकट असताना माझ्या सुनेने दुसऱ्याच्या नावाचा उखाणा घेतला."

"पात्राने घेतला."

"मंगळसूत्र कुणाच्या गळ्यात होतं? पात्राच्या?"

मी म्हटलं, "आणि तुझ्या विधवेचे गडी? ते नाही पाठवलेस मुलाला?"

ती लाल झाली. "ती गंमत होती."

"हीसुद्धा गंमत."

"नाही," ती म्हणाली. तिच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. "तिच्या आवाजात गंमत नव्हती. तू पण ऐकलंस. तू इतकी शिकलेली, तुला कळलं नाही असं मला सांगू नकोस."

मला कळलं होतं. "आजवर कुणी विचारलं नव्हतं" हे वाक्य पात्राचं होतं की तिचं, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि आजवर विचारलेलं नाही. ते न विचारता बोलता यावं, यासाठीच तर टेबल होतं. पण नावाडी थांबून का विचारतो, याचं कारण माझ्याकडे स्वयंपाकघरात विश्वासाने ठेवलेलं होतं. ते सांगितलं असतं तर कदाचित मैत्रीण नरमली असती. सांगणं शक्य नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "माझ्या मुलाला काय लिहिलंस ते?"

"तुझ्या काळजीने लिहिलं."

"खोटं बोलू नकोस."

"मग काय लिहू? मुलगा मला विचारणार, आई, तू तिथे काय करत होतीस? मी काय सांगू?"

तिथे मला सगळं कळलं. कुणाचं तरी मन भरकटलेलं असणं तिला गरजेचं होतं. तिचं नको होतं, म्हणून माझं. मी चहा न घेता उठले.

शेजारणीला घेऊन मी एसटीने इंदापूरला आणि तिथून सुनेच्या माहेरी गेले. घराच्या पडवीत सून डाळिंबं निवडत बसली होती. तिच्या आईने पाणी दिलं, पण दारातच उभी राहून.

"बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. आमच्या पोरीला ह्ये असलं कशापायी शिकवलं? आता जावई काय म्हणतील?"

"जावई न्हाय आला अजून?" शेजारणीने विचारलं.

"येनार हायती म्हनत्यात. कवा त्ये न्हाय ठावं."

आई आत गेल्यावर सून डाळिंबावरची धूळ पुसत हळू म्हणाली, "मावशी, आमचं ते लग्न मोडलं का? खेळातलं?"

"तू सांगशील तसं."

"मोडू नका." मग पुढचं डाळिंब उचलत, "आईंनी स्वतः टाळ्या वाजवल्या हो. मी त्यांच्याकडे बघितलं होतं आधी. त्यांनी मान हलवली, घे म्हणून. म्हणून मी घेतलं."

हे मी पाहिलं नव्हतं. येताना भिगवणच्या रस्त्याला एसटी लागल्यावर शेजारीण म्हणाली, "मान हालवून मग पाठ दाखिवली. मगर बरी."

मैत्रिणीचा मुलगा बडोद्याहून आला तो आधी माझ्याकडे आला. आठवीत माझ्या वर्गात होता, मागच्या बाकावर. चपला काढून खुर्चीच्या टोकावर बसला.

"बाई, ती क्लिप मी पुष्कळदा ऐकली."

"बरं."

"त्याच्या आधी काय झालं होतं? तो नावाडी आणखी काय बोलायचा? ती काय बोलायची?"

"ते मी सांगणार नाही."

"आई सांगते, तुम्ही नाही सांगत. मी विचारू कुणाला?"

"तिला."

"काय विचारायचं असतं?" तो खरोखर विचारत होता. चेहरा आठवीतलाच.

"ते ती बोलायला लागली की कळेल. फक्त ऐक. माझ्या तासाला ऐकायचास तसं नको."

तो पहिल्यांदा हसला, मग त्याचे डोळे भरले. चहा अर्धा ठेवून तो त्याच दुपारी मोटारसायकलवर इंदापूरकडे गेला. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. सून नंतर फोनवर म्हणाली, "मावशी, आम्ही अंधार पडेपर्यंत काठावर बसलो. काय बोललो ते नाही सांगणार." मी म्हटलं, "नकोच सांगू." तो तिला घेऊन भवानीनगरला गेला, बॅग भरली, आणि तिला बडोद्याला घेऊन गेला. इतकी वर्षं खोली लहान आहे म्हणत होता. ती तेवढीच लहान आहे, पण दोघं तिथे राहतात.

मैत्रीण सगळ्यांना सांगते की मी तिचं घर रिकामं केलं. एका परीने खरंच आहे; सून गेली, मुलगा आता यायचा तेवढाही येत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, आणि राग तेवढाच येतो. दोन्ही एकदम येतात, आणि या वयात ते दमवतं. दिवाळीनंतर बारामतीत एका लग्नात आम्ही समोरासमोर आलो. तिने माझ्या साडीकडे बघितलं, चेहऱ्याकडे नाही. मुलाला क्लिप पाठवली ते मी समजू शकते. ती घाबरली होती. पण फोनवर बसून तिने ते नेमकं मिनिट कापून काढलं, स्वतःला त्यातून सोडवलं, आणि मग माझ्या मुलाला माझ्याबद्दल लिहिलं. ते करायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणूस थांबू शकतं. ती थांबली नाही. जन्मभराच्या मैत्रीत मी तिची कितीतरी गुपितं सांभाळली आहेत. ती अजूनही माझ्याकडेच आहेत आणि तिथेच राहतील. तिला याची खात्री आहे, म्हणूनच ती हे करू शकली, असं मला वाटतं.

तुमच्या बाबांना सांगा, मी औषधं वेळेवर घेते. आणि ताई, तुझ्या गटातल्या त्या मुलीला, जिने नियम केले तिला, माझा नमस्कार सांग. नियम चांगले आहेत. ते मोडणाऱ्याचं काय करायचं, हे तिलाही माहीत नसेल.

मैत्री गेली. रविवारचा खेळ चालू आहे. शेजारीण, मी आणि बडोद्याहून फोनवर सून, अशा आता आम्ही तिघी खेळतो.